भाट इथे घ्यावेत की तिथे? परदेशी चलनाविषयी वाचकांचे प्रश्न

सुट्ट्यांच्या तोंडावर परदेशी चलनाविषयी बरीच पत्रे आली. एकाच धाटणीचे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. हिशेब समजावा म्हणून सगळीकडे बाजारात डॉलर ९० रुपयांना आणि ३२.२० भाटांना (भाट हे थायलंडचे चलन) आहे असे धरले आहे, म्हणजे एक भाट सुमारे २.८० रुपयांना पडतो. निघायच्या आठवड्यात त्या दिवसाचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करा.

विमानतळावरच्या काउंटरवर ‘झीरो कमिशन’ अशी पाटी असते. मग तिथे घेतलेले डॉलर महाग कसे पडतात? (कोल्हापूर)

कमिशन नसते हे खरेच असते. पैसे दरात कापलेले असतात. प्रत्येक चलनाला दोन दर असतात: दुकानदार ज्या दराने तुमच्याकडून घेतो तो आणि ज्या दराने तुम्हाला विकतो तो. गुगलवर दिसणारा आकडा या दोन्हींच्या मधला. तो बँका आपापसांत कोट्यवधींचे व्यवहार करतात तेव्हाचा, आपल्याला तो कुणीच देणार नाही. प्रश्न एवढाच, की आपला दर त्यापासून किती लांब आहे.

समजा, शहरातल्या परवानाधारक मनी चेंजरने डॉलर ९०.८० ला सांगितला आणि विमानतळावर ९६ ला. एक हजार डॉलरचे इकडे ९०,८०० होतात, तिकडे ९६,०००. त्यावर जीएसटी. हा जीएसटी पूर्ण रकमेवर लागत नाही. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का (किमान २५० रुपये) ही सेवेची किंमत धरतात आणि तिच्यावर १८ टक्के लावतात. म्हणजे इकडे १६३ रुपये, तिकडे १७३. कमीत कमी ४५ रुपये तर द्यावेच लागतात, म्हणून पन्नास-पन्नास डॉलर चार वेळा घेण्यात अर्थ नाही. शहरात एकूण ९०,९६३ गेले, विमानतळावर ९६,१७३. कमिशन दोन्हीकडे शून्यच, पण फरक पाच हजार दोनशेचा.

म्हणून फोनवर ‘रेट काय?’ असे विचारू नका. ‘हजार डॉलर, शंभराच्या नोटा, टॅक्स-डिलिव्हरी धरून एकूण किती रुपये?’ असे विचारा आणि तीन ठिकाणी विचारा. पहिल्याचा आकडा दुसऱ्याला सांगितला की दहा-वीस पैसे बहुधा सुटतात. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो. सोमवारी दर हलला तर फटका बसू नये म्हणून दुकानदार अंतर वाढवून ठेवतो. तेव्हा खरेदी मंगळवार ते शुक्रवार करा. पावती घ्याच, शिल्लक परत करताना ती लागते.

आम्ही दोघे सात दिवस बँकॉक आणि क्राबीला जाणार आहोत. हॉटेलचे पैसे भरून झालेत. खर्चासाठी भाट इथूनच घ्यावेत, डॉलर न्यावेत, रुपयेच न्यावेत की तिथल्या एटीएममधून काढावेत? (नाशिक)

चारही वाटा शेवटी ‘एक भाट किती रुपयांना पडला’ या एकाच आकड्यावर आणून तोला.

इथून भाट घेणे सगळ्यांत सोपे आणि बहुतेकदा महाग. डॉलर-युरोची उलाढाल मोठी असते, भाटाची नाही. दुकानदाराला तो माल पडून राहण्याची धास्ती, म्हणून खरेदी-विक्रीतले अंतर रुंद. तीन रुपयांचा दर ऐकू आला तर नवल नको. उतरल्यावर पहिल्या तासाला हाताशी असावेत म्हणून दोन-तीन हजार भाट घ्या, जास्त नको.

रुपयांच्या नोटा बँकॉकमध्ये चालतात. सुपररिच, व्हॅल्यू प्लस यांसारखे मनी चेंजर ५०० च्या नोटा घेतात. पण रुपयाचा दर डॉलरइतका चुरशीचा नसतो. फलकावर रुपयासमोर ०.३३ असेल तर १ ला ०.३३ ने भागा: भाट ३.०३ ला पडला. शिवाय भारताबाहेर नेता येणाऱ्या रुपयांवर माणशी २५,००० ची मर्यादा आहे. खिशात उरलेले पाच-सात हजार असतील तर बदला, योजना म्हणून नको.

डॉलर न्यायचे तर ९०.९६ ला (कर धरून) घेतलेला डॉलर तिथे ३२ भाटांना गेला, की भाट २.८४ ला पडतो. दोनदा चलन बदलूनही हे थेट भाटापेक्षा स्वस्त, कारण दोन्ही टोकांना डॉलरचेच दुकान आहे. सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्यावर सामान घेऊन बाहेर आलात की समोरच्या बँकांच्या काउंटरवर थांबू नका. सरकत्या जिन्याने तळघरात, शहरात जाणाऱ्या रेल्वेच्या स्थानकाकडे जा. तिथे छोट्या मनी चेंजरांची रांगच आहे आणि दर जवळपास शहरातलाच मिळतो. पासपोर्ट हातात ठेवा, त्याशिवाय व्यवहार होत नाही.

फलक वाचायची एक खोच आहे. डॉलरच्या एकाच ओळीऐवजी तीन-चार ओळी असतात: १०० ची नोट, ५० ची, मग २०-१०-५ आणि सगळ्यांत खाली १. वरून खाली दर उतरत जातो. म्हणून इथून घेताना शंभराच्याच नोटा मागा. नोटेवर पेनने लिहिलेला आकडा, शिक्का, स्टेपलरचे भोक, कोपऱ्यावरची चीर यांतले काहीही असेल तर तिथे नोट नाकारतात किंवा दर पाडतात. आपल्याकडे गड्डीच्या वरच्या नोटेवर आकडा टाकायची सवय जुनी आहे. काउंटरवरच प्रत्येक नोट उजेडात धरून पाहा आणि खराब निघाली तर तिथेच बदलून मागा, घरी आल्यावर कुणी बदलून देत नाही. नव्या निळसर धाटणीच्या शंभराच्या नोटा मिळाल्या तर उत्तम.

आता एटीएम. थायलंडमधली यंत्रे परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी साधारण २२० भाट किंवा त्याहून थोडे जास्त शुल्क घेतात. ते तिथल्या बँकेचे, आपल्या बँकेचे वेगळे. दोन हजार भाट काढले तर हे शुल्कच ११ टक्के झाले, वीस हजार काढले तर १.१. त्यावर आपल्या बँकेचा मार्कअप, म्हणजे चलन बदलताना ती दरावर चढवते तो आकार. साधारण डेबिट कार्डावर तो ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३, शिवाय प्रत्येक व्यवहाराचे दीडशेच्या आसपास. एका दमात वीस हजार भाट काढले तरी भाट २.९५ ला पडतो. मात्र कार्ड शून्य मार्कअपचे असेल आणि बँक परदेशी एटीएमचे शुल्क घेत नसेल, तर तेच वीस हजार २.८३ च्या दराने मिळतात, म्हणजे डॉलरपेक्षाही किंचित स्वस्त. त्याच कार्डावर दोन-दोन हजार काढत बसलात तर भाट ३.१० ला. कार्ड चांगले असून फायदा नाही, एकदाच काढा.

तुमच्यासाठी आमचे मत: दोन हजार भाट इथून आणि पाचशे-सहाशे डॉलर शंभराच्या नोटांत. दुकाने-मॉलसाठी कार्ड. क्राबीला पोहोचण्याआधी बँकॉकमध्येच सगळे डॉलर बदला, बेटांवर आणि किनाऱ्यावर दर पडतो. क्रेडिट कार्डाने रोख काढू नका. रोख काढण्याचे शुल्क वेगळे आणि व्याज त्या क्षणापासून चालू, त्याला बिलाच्या तारखेपर्यंतची सूट नसते.

परदेशात कार्ड फिरवले की यंत्र विचारते, ‘रुपयांत की स्थानिक चलनात?’ रुपयांत घेतले तर निदान किती गेले ते कळते ना? (पुणे)

कळते, आणि त्या कळण्याचेच पैसे घेतात. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, डीसीसी म्हणतात. रुपयांत बदल तुमची बँक करत नाही, त्या दुकानाची किंवा एटीएमची कंपनी तिच्या दराने करते आणि तिच्या दरात पाच टक्के किंवा त्याहून जास्त सहज दडलेले असतात. दहा हजार भाटांचे बिल २७,९५० रुपयांच्या आसपास व्हायला हवे, यंत्रावर २९,६०० दिसतात. वर, बिल रुपयांत झाले म्हणून तुमच्या बँकेचे शुल्क सुटले असे नाही. परदेशी दुकानातल्या रुपयांतल्या व्यवहारावरही अनेक बँका वेगळे शुल्क लावतात.

दुकानात नेहमी स्थानिक चलन निवडा. एटीएमवर हा प्रश्न फसवा करून विचारलेला असतो. पडद्यावर मोठ्या हिरव्या बटणावर ‘ॲक्सेप्ट कन्व्हर्जन’ आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘डिक्लाइन’. डिक्लाइन दाबले की व्यवहार रद्द होईल असे वाटते. होत नाही. फक्त कन्व्हर्जन रद्द होते, नोटा येतात. युरोपातल्या पर्यटन चौकांत युरोनेट या खासगी कंपनीची पिवळी-निळी एटीएमे दिसतात, तिथे हा पडदा हमखास येतो. शक्य तर बँकेच्या शाखेला लागून असलेल्या यंत्रातून, शाखा उघडी असताना काढा. कार्ड अडकले तर आत जाऊन माणसाशी बोलता येते.

दुकानदाराने न विचारताच रुपये दाबले असतील तर चिठ्ठीवर सही करण्याआधी पाहा. ‘व्हॉइड’ करून पुन्हा स्थानिक चलनात करायला सांगा. हे त्याच वेळी होते, नंतर भारतात येऊन तक्रार केली तर फार काही हाती लागत नाही.

परदेशी नोटा माणशी किती नेता येतात? कागद काय लागतात? टीसीएस (चलन विकतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापतील का? (फोंडा)

बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलर किंवा तितक्या किमतीच्या नोटा-नाणी घेता येतात. त्यापुढचे कार्डावर. इराक-लिबियासाठी ही मर्यादा ५,००० आहे. रशिया, इराण यांसाठी आणि हजयात्रेसाठी नियम सैल आहेत. शिक्षण, फिरणे, नातलगांना पाठवणे असे सगळे मिळून आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर ही मोठी मर्यादा, ती सुट्टीच्या प्रवासात कुणी ओलांडत नाही.

पासपोर्ट, पॅन, परतीचे तिकीट, लागत असेल तिथे व्हिसा आणि ए-२ नावाचा अर्ज एवढे कागद पुरतात. प्रवासाच्या तारखेच्या ६० दिवसांआधी चलन घेता येत नाही. ५० हजार किंवा त्याहून जास्त रुपये रोखीने घेणार नाहीत, चेक किंवा खात्यातून द्या. ‘पावती नको असेल तर पन्नास पैसे कमी’ असे म्हणणारा भेटतो. त्याच्याकडून घेतलेल्या नोटेत काही निघाले तर दाद कुठेच नाही.

टीसीएस: एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतच्या प्रवासखर्चाच्या चलनावर तो नाही, वरच्या रकमेवर २० टक्के. तो आयकराच्या हिशेबात परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन आधीच भरून घेतलेले कार्ड) आणि डेबिट कार्ड या मोजणीत येतात, परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च सध्या येत नाही. सहलीच्या पॅकेजचा टीसीएस वेगळा, तो सहल कंपनीकडून विचारून घ्या.

युरोपच्या सहलीला पॅरिस, स्वित्झर्लंड आणि प्राग आहे. बँक म्हणते युरोचे फॉरेक्स कार्ड घ्या, दर बांधला जातो. घ्यावे का? (ठाणे)

दर बांधला जातो हे खरे, पण फक्त युरोचा. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, चेक प्रजासत्ताकात कोरुना. युरो भरलेले कार्ड तिथे फिरवले की बँक युरोतून फ्रँकमध्ये बदल करते आणि ‘क्रॉस करन्सी’ शुल्क घेते, अनेकदा तेही ३.५ टक्के आणि वर जीएसटी. भरताना एकदा मोजले, वापरताना पुन्हा. कार्डावर फ्रँकचा वेगळा कप्पा मिळत असेल तर फ्रँक भरा. कोरुनाचा कप्पा क्वचितच असतो, प्रागला दुसरे कार्ड वापरा. घेण्याआधी चार आकडे लिहून मागा: भरण्याचा दर, क्रॉस करन्सी शुल्क, एटीएमचे शुल्क आणि उरलेले परत घेण्याचा दर. चौथा कुणी विचारत नाही आणि तिथेच कापतात.

शून्य किंवा कमी मार्कअपचे क्रेडिट कार्ड असेल तर फॉरेक्स कार्डाची गरज दुय्यम. हॉटेलची अनामत आणि भाड्याच्या गाडीची अनामत मात्र क्रेडिट कार्डावरच द्या. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर ती अडवली की तुमचेच पैसे कधीकधी दोन-तीन आठवडे हाती येत नाहीत.

कोणतेही कार्ड असो, ‘इंटरनॅशनल यूसेज’ ॲपमध्ये स्वतः सुरू करावा लागतो. ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डे फक्त भारतात चालतील अशीच येतात. एटीएम, दुकान आणि ऑनलाइन यांची बटणे वेगवेगळी, मर्यादाही वेगळी. पॅरिसच्या मेट्रोच्या यंत्रासमोर कार्ड चालेना म्हणून जे घाबरतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे हे बटण बंद असते.

नोटा थोड्याच न्या आणि ५० च्या मागा. ५०० युरोच्या नोटा २०१९ पासून नव्याने निघत नाहीत, आधी निघालेल्या नोटा बहुतेक दुकानदार घेत नाहीत. स्विस दुकाने युरो घेतात, पण दर त्यांचा आणि सुटे फ्रँकमध्ये. प्रागमध्ये रस्त्यावर नोटा बदलून देतो म्हणणाऱ्याकडे वळूही नका. अधिकृत दुकानातही दर नीट न पाहता फसलात तर तिथे एक चांगली सोय आहे: एप्रिल २०१९ पासून, १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून त्याच दुकानात रद्द करता येतो.

बालीत मनी चेंजर फसवतात असे ऐकले. नेमके काय करतात? व्हिएतनामलाही तसेच आहे का? (सातारा)

कुटा-लेगियनच्या गल्लीत, कपड्यांच्या किंवा टॅटूच्या दुकानात एक टेबल आणि बाहेर सगळ्यांपेक्षा चढा दर, ही खूण. शंभर डॉलरचे समजा १६ लाख रुपिया (इंडोनेशियाचे चलन) होतात. एक लाखाच्या नोटा दिल्या तर १६ नोटा. तो ५० हजारांच्या देतो, म्हणजे ३२, किंवा २० हजारांच्या, म्हणजे ८०. टेबलावर ढीग लावून मोजतो, तुम्हीही मोजता, बरोबर भरते. मग ‘एकदा शेवटचे’ म्हणून गठ्ठा हातात घेतो, टेबलाच्या कडेवर ठोकून सरळ करतो आणि त्या ठोकण्यात मागच्या पाच-सहा नोटा त्याच्या बाजूला खाली गळतात. गणकयंत्रातही गडबड असते, गुणाकार स्वतःच्या फोनवर करा.

उपाय सरळ आहे. एक लाखाच्या नोटा मागा. डॉलर तुमच्या हातातच ठेवा. शेवटची मोजणी तुमची, त्यानंतर गठ्ठा त्याच्या हातात परत जाता कामा नये. तो घ्यायला हात पुढे करू लागला की उठा. बँक इंडोनेशियाचा परवाना असलेल्या दुकानावर ‘केयूपीव्हीए बेरिझिन’ (परवानाधारक मनी चेंजर) अशी हिरवी पाटी असते. काच, कॅमेरा, छापील पावती असेल तिथे दर दोन-चार रुपियांनी कमी असला तरी चालेल.

व्हिएतनाममध्ये घोळ नोटांचाच. वीस हजार आणि पाच लाख डाँग, दोन्ही निळ्या. अंधारात टॅक्सीवाल्याला वीस हजारांऐवजी पाच लाख दिले की पंचवीस पट गेले. पाच लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. नोटा प्लॅस्टिकच्या, नव्या असल्या की एकमेकींना चिकटतात, चोळून मोजा. हनोईतल्या सोनारांच्या पेढ्यांवर डॉलरला चांगला दर मिळतो, पण पेढीला चलनाचा परवाना हवा. २०१८ मध्ये कान थो शहरात विनापरवाना सोनाराकडे शंभर डॉलर बदलणाऱ्या एका गिऱ्हाइकाला नऊ कोटी डाँगचा दंड ठोठावला होता, त्या शंभर डॉलरच्या कितीतरी पट.

यूपीआयने काम भागेल का? (नागपूर)

पूर्ण नाही. सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, भूतान आणि फ्रान्समध्ये काही ठिकाणी (आयफेल टॉवरच्या तिकिटासह) चालते. ॲपमध्ये ‘यूपीआय इंटरनॅशनल’ निघण्यापूर्वी सुरू करा आणि पिन टाकण्याआधी रुपयांचा आकडा पाहून घ्या, त्यात बँकेचा मार्कअप असू शकतो. थायलंडच्या ठेल्यावर दिसणारा क्यूआर प्रॉम्प्टपे या तिथल्याच यूपीआयसारख्या व्यवस्थेचा असतो, तो पाहून हुरळून जाऊ नका.

उरलेले पैसे परत कसे करायचे? (सोलापूर)

२,००० डॉलरपर्यंतच्या परदेशी नोटा घरी ठेवता येतात, पुढच्या प्रवासाला चालतात. त्याहून जास्त असेल ते परतल्यापासून १८० दिवसांत परवानाधारकाला विका. विकताना खालचा दर मिळतो. म्हणून भाट, डाँग, रुपिया यांसारखे चलन परत आणूच नका. शेवटच्या दिवशी हॉटेलच्या बिलात आधी रोख द्या, उरलेले कार्डावर. डॉलर-युरो ठेवले तरी हरकत नाही. नाणी कुठलाच मनी चेंजर घेत नाही. विमानतळावरच्या दुकानात चॉकलेट घेताना सगळी नाणी आधी ओता आणि कमी पडेल तेवढेच कार्डावर घ्यायला सांगा, बहुतेक ठिकाणी घेतात.